फार्महाऊसच्या आवारासाठी छोटा ट्रॅक्टर: वाचकांचे प्रश्न

आवार घडवायला छोटा ट्रॅक्टर घ्यावा का, घेतला तर कोणता आणि त्याच्यामागे काय जोडावं, याबद्दल आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "किती एचपी?" हा आहे. आमच्या मते तो शेवटी विचारायचा. आधी काम ठरवा, मग अवजार, मग फाटकाची रुंदी मोजा. एचपी त्यातून आपोआप निघतो.

मुळशी तालुक्यात ३० गुंठ्यांचा उताराचा प्लॉट आहे. घर बांधून झालं. आता सपाटीकरण, पाच गुंठे लॉन, साठेक झाडं आणि आतला रस्ता करायचा आहे. डीलर २८ एचपी घ्या म्हणतो, भाऊ म्हणतो १५ पुरे. कोणाचं ऐकू?

इतक्यात दोघांचंही नको. सपाटीकरण आधी यादीतून काढा. उतार कापून टप्पे पाडणं, रुतलेले धोंडे उपटणं हे जेसीबीचं काम आहे आणि ते एकदाच होणार आहे. त्यासाठी ट्रॅक्टर मोठा घेणं म्हणजे घरच्या लग्नाला हंडा विकत आणून पुढे रोज त्यातच भात लावणं.

मातीचा हिशेब केला की हे पटेल. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पाच गुंठ्यांवर सहा इंच माती पसरायला साधारण २७ ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). एक ब्रास माती चार टनांच्या आसपास भरते आणि छोट्या ट्रॅक्टरची ट्रॉली असते दीड टनाची. म्हणजे सत्तरच्या वर खेपा. अडीच-तीन ब्रासचा डंपर तेच काम दहा-अकरा खेपांत उरकतो. माती-मुरूम बाहेरून आणणार असाल तर डंपरवाल्याकडून रॉयल्टीची पावती मागून ठेवा. तहसीलचं पथक आलं तर तीच कामाला येते.

जेसीबी सुरू होण्याआधी एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. वरची सहा ते आठ इंच माती खरवडून एका कोपऱ्यात ढीग लावा आणि टप्पे पडल्यावर तीच परत पसरा. सांगितलं नाही तर ऑपरेटर वरची माती खोलगट भागात ढकलतो आणि खालचा मुरूम वर येतो. त्या मुरमावर लॉन धरत नाही, आणि दोष मात्र नर्सरीवाल्याला जातो. भराव एकदम टाकू नका. सहा-आठ इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, मग पुढचा थर. ट्रॅक्टर फिरवला म्हणजे रोलिंग झालं, असं होत नाही. फक्त चाकांच्या दोन पट्ट्या दबतात. भरावावरचे पेव्हर एक पावसाळा जाऊ दिल्यावर बसवा. घराच्या जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरती हवी. पुढे लॉनला शंभर फुटांत एक-दोन फूट उतार पुरतो.

आता उरलेली कामं पाहू. लॉनची जमीन तयार करणं, शेणखत वाहणं, झाडांच्या ओळींतलं तण मारणं, पावसाळ्यानंतर माजलेलं रान कापणं. यात सगळ्यात जास्त ताकद खातो तो रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणारं अवजार. इंजिनाच्या एचपीपैकी साधारण ८५ टक्के पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्यापर्यंत, पोचतात, आणि रोटाव्हेटरच्या रुंदीच्या दर फुटाला पाच ते सहा पीटीओ एचपी धरावे लागतात. म्हणून तीन फुटी रोटाव्हेटरला १८ ते २१ एचपीचं इंजिन हवं, चार फुटीला २४ ते २८. रोटाव्हेटर निदान मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांएवढा रुंद घ्या, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा न उकरता मागे राहतो. म्हणूनच आम्ही ट्रॅक्टरची रुंदी आणि रोटाव्हेटरची रुंदी एकाच कागदावर लिहायला सांगतो.

तुमच्या उतारासाठी आणि मुळशीच्या पावसासाठी १८ ते २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह असलेला ट्रॅक्टर घ्या. महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचे ए२११एन आणि बी२४४१, व्हीएसटीचा एमटी १८०डी हे या गटातले. एखाद्या मॉडेलची टू व्हील आवृत्तीही मिळत असेल तर ती स्वस्त दिसेल, पण ओल्या उतारावर ती घेऊ नका. चढताना चाकं घसरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं; उतरताना काय होतं याकडे लक्ष जात नाही. या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागे जड अवजार नसेल तर उतारावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होऊन ब्रेक लावल्यावर घसरतात. फोर व्हील घातलेलं असेल तर पुढची चाकंही इंजिनाला बांधलेली राहतात आणि वेग धरून ठेवतात. म्हणून उतरताना फोर व्हील आणि खालचा गिअर, आणि क्लचवर पाय अजिबात नको. डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील काढा, पुढचे टायर लवकर झिजतात. उतारावर आडवं जाऊ नका, सरळ वर-खाली काम करा. रोल-ओव्हर बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान) फांद्यांना अडतो म्हणून काढून ठेवण्याची खोड अनेकांना असते. उताराच्या प्लॉटवर तो उभा आणि सीटबेल्ट लावलेला असलाच पाहिजे.

२८ एचपीचा, म्हणजे जॉन डिअर ३०२८ईएनसारखा ट्रॅक्टर वाईट नाही, पण त्याचं वजन हजार किलोच्या वर जातं. हलके छोटे ट्रॅक्टर सहाशे किलोच्या आसपास असतात. आवारात हा फरक फार मोठा, कारण तुम्ही ज्या मातीत मुळं वाढवू पाहताय तीच दाबली जाते. भावाचा १५ एचपीही चुकीचा नाही. महिंद्राचा युवराज २१५ सपाट ३० गुंठ्यांना पुरला असता. पण तो एक सिलिंडरचा आणि टू व्हील आहे, आणि तुमचा प्लॉट उताराचा आहे.

शेवटी फाटक. ट्रॅक्टर साडेतीन फुटांचा असला तरी ट्रॉली चार-साडेचार फुटांची असते, आणि वळायला एका बाजूचा ब्रेक दाबूनही पंधरा-सोळा फूट मोकळी जागा लागते. फाटकातून आत शिरताच काटकोनात वळण असेल तर आठ फुटी फाटकही अपुरं पडतं. डीलरला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आणायला सांगा आणि आत नेऊन दाखव म्हणा. ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा. साखळी किंवा दोर टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी बांधून ओढलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि तो मागे उलटतो.

तयार झालेलं लॉन ट्रॅक्टरने कापू नका. शेतीच्या टायरच्या गुट्ट्या हिरवळ फाडतात. पाच गुंठ्यांना चालत ढकलायचा पेट्रोल मोअर पुरे.

नवा रोटाव्हेटर उचलला की शाफ्टमधून खडखड आवाज येतो. एकदा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला, तोही गेला. रोटाव्हेटर खराब आहे का? (जुन्नर)

बहुधा नाही. पीटीओ शाफ्ट, म्हणजे पीटीओ आणि अवजार जोडणारा दांडा, तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाने कापलेला नसावा. कंपनी शाफ्ट लांबच देते, तो बसवणाऱ्याने मापाला आणायचा असतो. छोट्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर कमी असल्याने ही अडचण जास्त दिसते.

इंजिन बंद करून अवजार जोडा, पण शाफ्ट लावू नका. मग पीटीओ बंद ठेवून इंजिन सुरू करा आणि हायड्रॉलिकने अवजार वर-खाली करून ट्रॅक्टरचा पीटीओ आणि रोटाव्हेटरचा दांडा सर्वांत जवळ कुठे येतात ते पाहा. बहुतेक वेळा दोन्ही एका रेषेत आले की येतात. त्या जागी अवजाराखाली ठोकळे लावा आणि इंजिन बंद करा. मग शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक पीटीओला, दुसरा गिअरबॉक्सला लावा आणि शेजारी शेजारी धरा. एकाचं टोक दुसऱ्याच्या योकला (सांध्याच्या दुबेळक्याला) टेकण्याआधी एक-दीड इंच मोकळं राहिलं पाहिजे. राहत नसेल तर दोन्ही नळ्या सारख्याच कापा, प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच कापा, कडा कानशीने घासा आणि ग्रीस लावून जोडा. अंतर सर्वांत जास्त असतं तेव्हा नळीच्या लांबीचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत राहायला हवा. त्याहून कमी उरत असेल तर तो शाफ्टच बदला. लांब शाफ्ट तसाच चालवला तर तो टोकाला टेकून पीटीओचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा ऑइल सील ढकलतो. क्रॉस जाणं ही त्याची स्वस्तातली खूण.

दुसरी शक्यता कोनाची. शाफ्टचा कोन तीस अंशांच्या वर गेला की तो ठोकायला लागतो. वळताना रोटाव्हेटर जमिनीपासून सहा-आठ इंच उचलला तरी पुरतो. लिव्हरला तिथेच अडकण लावून घ्या. त्याहून वर उचलायचा असेल तर आधी पीटीओ बंद करा. टॉप लिंक अशी जुळवा की काम करताना रोटाव्हेटरचा दांडा पीटीओला समांतर राहील.

तिसरी चूक चौकोनी शाफ्टमध्ये होते. दोन भाग काढून परत घालताना चौकोन नव्वद अंशांनी फिरलेला बसू शकतो. नळ्यांच्या बाजूचे दोन्ही योक एकाच पातळीत असले पाहिजेत. तसे नसतील तर ग्रीस कितीही भरा, धक्के थांबत नाहीत. आणि हो, क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस.

तीन एकरांचं आवार. पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत होतं. २१ एचपीच्या ट्रॅक्टरला गवत कापायचा चार फुटी स्लॅशर घेतला. क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो, एकदा कुंपणात शिरला. क्लच गेला का? (भोर)

क्लच ठीक आहे. तुमच्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे आणि पीटीओ गिअरबॉक्सला जोडलेला आहे. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण स्लॅशरची जड पाती फिरतच असतात. ती फिरण्याची ताकद उलट वाटेने शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये येते आणि मागची चाकं फिरवते. रोटाव्हेटरला हे होत नाही, कारण माती त्याला लगेच थांबवते.

यावर ओव्हररनिंग कपलिंग हा उपाय. पीटीओच्या दांड्यावर बसणारा हा तुकडा ताकद एकाच दिशेने जाऊ देतो. दांडा बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना सहा खाचांचा, १ ३/८ इंची असतो; कपलिंग त्याच मापाचं मागा. ते बसवल्यावर शाफ्ट तीन-चार इंच पुढे सरकतो, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे लांबी पुन्हा तपासा. इथेच लोक चुकतात आणि महिन्याभरात पीटीओचा सील बदलायला येतात. डबल क्लचच्या ट्रॅक्टरांत हा त्रास कमी, पण स्लॅशर असेल तर कपलिंग तिथेही लावावं.

स्लॅशर की मल्चर, हेही तुम्ही विचारलं आहे. मल्चर गवताचा भुगा करतो, दगड कमी उडवतो, पण त्याच रुंदीला ताकद जास्त मागतो. २१ एचपीला तीन फुटांच्या वर मल्चर नको. आवार मोठं आणि मोकळं असेल तर स्लॅशर बरा. पाती तीन-चार इंच उंचीवर चालवा, त्याखाली गेलात की दगड लागतात. उडालेला खडा शंभर फुटांवरही माणसाला जायबंदी करतो, म्हणून आवारात कोणी असताना स्लॅशर चालवू नका. आधी पायी एक फेरी मारा. जुनी तार आणि ठिबकची नळी गवतात दिसत नाही आणि पात्याभोवती गुंडाळली की सुटता सुटत नाही. पातं बदलायचं तर जोडीने बदला. एकच नवं बसवलं तर तोल जातो आणि गिअरबॉक्स हादरतो.

कापणी ऑक्टोबरात करा, गवत बी धरायच्या आत आणि कडक व्हायच्या आत. वणव्याच्या भागात कुंपणालगत दहा-बारा फुटांचा पट्टा डिसेंबरपर्यंत मातीपर्यंत साफ करा. तो रोटाव्हेटरने उकरला तर उत्तम, नुसतं कापलेलं वाळकं गवत पेट घेतंच.

संगमेश्वर तालुक्यात जांभ्याची जमीन. आंबा, काजू मिळून ऐंशी खड्डे आणि तारेच्या कुंपणाचे दीडशे खांब. ट्रॅक्टरला खड्डे पाडायचा ऑगर लावला तर काम होईल?

खांबांचं होईल, झाडांचं अर्धवट. बारा इंची ऑगरने दोन फूट खोल खड्डा हे खांबाचं माप, आणि २० ते २४ एचपीचा ट्रॅक्टर ते सहज करतो. आंब्याला एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेतात, म्हणजे साधारण ३५ घनफूट. चोवीस इंची ऑगर तीन फूट गेला तरी साडेनऊ घनफूटच माती निघते. जेमतेम चौथा हिस्सा. काजूच्या ६० सेंटिमीटरच्या खड्ड्याला तोच ऑगर जवळपास पुरतो. म्हणून काजू ऑगरने, आंबा जेसीबीने.

जांभ्यात आणखी एक भानगड आहे. वरचा कातळी थर कडक, खाली मऊ चिकणमाती. ऑगर कातळावर नुसता फिरत बसला तर टोक जळतं. हाताला लागेल तितका थर आधी पहारीने फोडा. तो दीड फुटापेक्षा जाड असेल तर ऑगर विसरा आणि ब्रेकर लावलेलं मशीन बोलवा. खाली चिकणमातीत ऑगरने खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पावसात त्यात पाणी साठतं आणि मुळं भिंत भेदण्याऐवजी गोल फिरत राहतात. पहारीने भिंतींना चारही बाजूंनी ओरखडे काढा, मग भरा.

चालवताना इंजिन निम्म्या वेगावर ठेवा. दर सहा-आठ इंचांनी ऑगर वर घेऊन माती झटकू द्या. एका दमात तीन फूट घातला तर तो स्क्रूसारखा रुततो, आणि पीटीओ उलटा फिरत नसल्याने ट्रॅक्टर त्याला बाहेर काढू शकत नाही. हायड्रॉलिकने ओढायला गेलात तर लिंकेज वाकतं. रुतलाच तर इंजिन बंद करा, पीटीओ सुटा करा आणि मोठ्या पाइप पान्याने हाताने उलटा फिरवा. शिअर बोल्ट अवजाराबरोबर आलेल्या दर्जाचाच वापरा आणि पाच-सहा जास्तीचे जवळ ठेवा. तो सारखा तुटतो म्हणून हाय टेन्साइल बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्सचे दात तुटतात. तुटण्यासाठीच तो तिथे असतो.

ऑगर हाताने धरून सरळ करू नका. उपरणं, ओढणी, पदर, सैल बाही यांपैकी काहीही अंगावर असलेला माणूस फिरत्या शाफ्टपासून पाच फुटांच्या आत नको. एकदा कपडा अडकला की ओढून घ्यायला वेळ मिळत नाही.

लेव्हलिंग ब्लेडने रस्ता सपाट करायला घेतला तर लाटा पडल्या. जितका जास्त ओढतो तितक्या वाढतात. (वाई)

वाढणारच. ब्लेड मागच्या चाकांच्या मागे आहे. चाक उंचवट्यावर चढलं की ब्लेड उचललं जातं आणि माती सांडतं. चाक खड्ड्यात गेलं की ब्लेड खाली जाऊन आणखी खोदतं. प्रत्येक फेरीत आधीच्या लाटेची नक्कल होते.

तीन उपाय आहेत. रस्त्याच्या दिशेनेच न ओढता आधी तिरकं ओढा, तीस-चाळीस अंशांत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. सरळ फेरी शेवटची एकच. दुसरं, ब्लेड कोनात फिरवा म्हणजे माती पुढे साठण्याऐवजी बाजूला सरकते. तिसरं, टॉप लिंक थोडी लांब करा. ब्लेडची कड मागे कलते आणि मातीत शिरण्याऐवजी ती पसरवते. आखूड टॉप लिंक खोदायला, लांब टॉप लिंक सारखं करायला.

घट्ट जमीन ब्लेडने कापायचा हट्टच चुकीचा. आधी पाच फणांचा कल्टिव्हेटर तीन-चार इंच खोल फिरवा, दगड वेचा, मग ब्लेड. हे सगळं वाफशावर करा. ओल्या मातीत ब्लेडला गोळे चिकटतात, कोरड्यात धूळ उडते आणि काहीच बसत नाही. लॉनच्या तयारीलाही हाच क्रम: कल्टिव्हेटर, दगडवेचणी, शेणखत, चार इंच खोल रोटाव्हेटर दोनदा, मग ब्लेड. मुरमाड जमिनीत दगड न वेचता थेट रोटाव्हेटर घातला तर एल आकाराची पाती एका दिवसात वाकतात. ब्लेड डावी-उजवीकडे झुलत असेल तर चेक चेन (खालच्या दांड्यांना आवरणाऱ्या साखळ्या) घट्ट करा. उलट जाताना ब्लेडने माती ढकलू नका, थ्री पॉइंटचे दांडे ओढण्यासाठी केलेले असतात.

नाशिककडचा द्राक्षबागेत वापरलेला जुना अरुंद ट्रॅक्टर स्वस्त मिळतोय. घ्यावा का? (सिन्नर)

पाहून घ्या. बागेतल्या ट्रॅक्टरचं आयुष्य ब्लोअरने फवारणी करण्यात जातं, म्हणजे पीटीओ सतत चालू आणि हायड्रॉलिकला काम कमी. म्हणून पीटीओच्या दांड्याच्या खाचा झिजल्यात का ते बोटाने तपासा, दांडा हातात धरून हलवा, सीलखाली तेलाचा ओघळ आहे का पाहा. बोर्डो आणि इतर फवाऱ्यांनी वायरिंगची टोकं हिरवी पडतात, रेडिएटरची जाळी कुजते. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन पाहू नका. सकाळी थंड असताना सुरू करायला लावा. तेलाच्या झाकणातून फुरफुर धूर येत असेल तर पिस्टन रिंग गेल्या. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. फार खाली आला तर हायड्रॉलिकचे सील जुने झालेत. पुढचं चाक जॅकवर उचलून किंग पिनची (चाक जिच्यावर वळतं त्या पिनेची) ढिलाई पाहा. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर स्वतः जुळवा आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी घ्या.

दोन-तीन मॉडेलं पाहिलीत तर एक माप विचारा: खालच्या लिंकच्या पिना २२ मिलिमीटरच्या आहेत का. ती कॅटेगरी एक. बाजारातली बहुतेक छोटी अवजारं त्याच मापाची असतात. एखाद्या अरुंद ट्रॅक्टरच्या पिना याच, पण दोन दांड्यांमधलं अंतर कमी असतं. मग अवजार जोडताना ओढाताण होते.

मी न्यू जर्सीत असतो. माझ्याकडे जॉन डिअर १०२५आर आहे, पुढे लोडर, पोटाखाली मोअर. साताऱ्याजवळच्या घराला तसाच ट्रॅक्टर हवा आहे. तिकडे कोणता मिळेल?

तसाच्या तसा शोधू नका. तुमच्याकडचा ट्रॅक्टर घरमालकासाठी बनवलेला, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरचा, मधल्या पीटीओचा आहे. इथले बहुसंख्य छोटे ट्रॅक्टर बागायतदारासाठी बनलेले: साधा गिअरबॉक्स, फक्त मागे पीटीओ, लांब चालणारं साधं इंजिन. पोटाखाली मोअर लावायची सोय त्यांना नसते, आणि लागतही नाही. लोडर स्थानिक वर्कशॉपमध्ये बसवून मिळतो, पण आम्ही तो सुचवत नाही. बादलीतली माती सगळी पुढच्या अॅक्सलवर येते, आणि तो अॅक्सल त्यासाठी बनवलेला नसतो. मागे तीन-चारशे किलोचा तोल दिला नाही तर मागची चाकं उचलतात. लोडरने तुम्ही जी कामं करता ती इथे ट्रॉली, दोन माणसं आणि लागेल तेव्हा तासावरचा जेसीबी यांत होतात. तिथला बॉक्स ब्लेड मात्र इथे करून घ्यावा असा आहे. चार फुटी पेटी, पुढे चार दात. वाईच्या वाचकाच्या लाटा तो बऱ्याच आटोक्यात आणतो. चांगला फॅब्रिकेटर मापं दिली की बनवून देतो.

थोडक्यात उत्तरं

बार्देश, गोवा, १,२०० चौरस मीटर: म्हणजे बारा गुंठेसुद्धा नाहीत. ट्रॅक्टर घेऊ नका. पाच ते सात एचपीचा पॉवर वीडर, एक ब्रश कटर, आणि लॉन घालायच्या वर्षी दोन दिवस भाड्याचा रोटाव्हेटर.

अनुदान: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं यंत्र-अनुदान शेतीसाठी आहे, एनए (बिगरशेती) प्लॉटला नाही. सातबारा तुमच्या नावावर असेल तर अर्ज करा, पण पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; जुनं कोटेशन कोणी दाखवलं तर नवं मागा.

परवाना: कारचा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना ट्रॅक्टरला चालतो. ट्रॉलीची नोंदणी मात्र वेगळी.

आठ महिने उभा राहणारा ट्रॅक्टर: टाकी डिझेलने भरून ठेवा, रिकाम्या टाकीत हवेतलं पाणी धरतं. बॅटरीची ऋण तार काढा. अवजार जमिनीवर टेकवा, हायड्रॉलिकवर लटकत ठेवू नका. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवा आणि त्याच वेळी बॉनेट उघडून उंदराने वायर खाल्ली आहे का ते बघा. सर्व्हिस तासांवर भरत नसली तरी तेल वर्षातून एकदा बदलायचंच.